बीपी ऐकू आलं नाही तर तसं सांगा: माझ्या पहिल्या क्लिनिकलचे बारा आठवडे

आमच्या नंतरच्या बॅचच्या दोघी-तिघी मुली परवा भेटल्या आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, ताई क्लिनिकलला, म्हणजे नर्सिंगच्या मुलींच्या हॉस्पिटलमधल्या ड्युटीला, पहिल्या दिवशी नक्की काय करायला लावतात, आम्हाला काहीच येत नाही. मागच्या वर्षी मी पण सिनियर्सना हेच विचारत फिरत होते आणि सगळे म्हणायचे, काही नाही गं, होतं सगळं. होतं हे खरं आहे, पण कसं होतं ते कुणी सांगत नाही, म्हणून सगळं तारखेवार लिहून काढतेय.

मी जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) आहे, कॉलेज नवी मुंबईत, राहायला घणसोली. वडील एपीएमसीत माथाडी, घरात या लाईनमधलं कुणीच नाही. ॲडमिशन झालं नोव्हेंबर २०२३ मध्ये. पहिले काही महिने फक्त लेक्चर आणि लॅब, म्हणजे पुतळ्यावर बेड बाथ, पुतळ्याला राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), पुतळ्याचं बेडमेकिंग. पुतळा कधी कण्हत नाही आणि त्याचे नातेवाईक पण नसतात, त्यामुळे मला वाटायला लागलं होतं की आपल्याला बरंच येतंय.

कागदपत्रांचं आधी सांगते कारण तिथेच खूप जणींची धावपळ झाली. मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट, सीबीसी ही रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्स-रे, पालकांची सही असलेलं हमीपत्र, फोटो, आणि लसीकरणाचं कार्ड. यात सगळ्यात महत्त्वाचं हेपॅटायटिस बी. त्याचे तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. माझा पहिला ५ फेब्रुवारीला झाला, दुसरा ५ मार्चला, म्हणजे तिसरा यायचा ५ ऑगस्टला, ऐन क्लिनिकलच्या मधे. ॲडमिशन झाल्या झाल्या नोव्हेंबरमध्येच घेतला असता तर जूनच्या आधी तिन्ही झाले असते. हे मी मुद्दाम लिहितेय, पुढे कळेल का. तुमचा पहिला डोस राहिला असेल तर हे वाचून झाल्यावर उद्याच जाऊन घ्या.

आमचं क्लिनिकल खरंतर २७ मे ला सुरू होणार होतं. हॉस्पिटल ठाण्यातलं, सरकारी, नाव लिहीत नाही. कॉलेजचं परवानगीचं पत्र तिथल्या ऑफिसात आवक नंबर पडून टेबलावर होतं पण सही होत नव्हती, मग नावांची यादी परत मागितली, मग यादीत दोन मुलींची आडनावं चुकली म्हणून ती परत गेली. दोन आठवडे रोज ग्रुपवर मेसेज, आज नाही, उद्या कळवू. त्या दोन आठवड्यांत मी खर्चाची कामं उरकली. युनिफॉर्मचे दोन सेट शिवून २२०० रुपये, पांढरे बूट ७००, स्टेथोस्कोप ८५०, सेकंद काटा असलेलं घड्याळ ३५०. बीपीचं मशीन घेऊ नका, वॉर्डात असतं. घड्याळ मात्र हवंच, मोबाईल खिशातून काढून पल्स मोजत बसलेली स्टुडंट कुणाला आवडत नाही. आणि युनिफॉर्म दोन तरी हवेत, पावसाळ्यात एक सेट दोन-दोन दिवस वाळत नाही. ट्रेनच्या पासचा कन्सेशन फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून वेळेत घेऊन ठेवा, माझा उशिरा झाला आणि पहिला आठवडा मी रोज तिकीट काढून गेले.

शेवटी सोमवार, १० जून २०२४. सकाळी आठची ड्युटी, साडेसातला कॉलेजच्या मॅडमची हजेरी. मी घणसोलीहून ५.५० ची ठाणे लोकल पकडली, एवढ्या लवकर जायची काही गरज नव्हती, पण झोपच लागली नव्हती. रबाळे, ऐरोली, दिघा गाव आणि ठाणे. नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडून शेअर रिक्षा केली आणि पावणेसातला गेटवर जाऊन उभी राहिले. पोटात गोळा आला होता.

आमची २२ जणींची बॅच गटागटाने वाटली. मला फिमेल मेडिसिन वॉर्ड, सहा आठवडे. ३८ बेड आणि खाली गाद्यांवर वेगळे पेशंट. पहिल्या दिवशी काय करायला लावतात याचं उत्तर असं की बेडमेकिंग आणि टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास मोजणं. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला ओव्हर देते, म्हणजे पेशंटची माहिती सोपवते, एकेका बेडजवळ थांबून, तेव्हा मागे उभं राहून ऐकायचं. पहिल्या दिवशी मला त्यातलं अर्धंसुद्धा कळलं नाही, नुसते नंबर आणि शॉर्टफॉर्म. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी छोटी डायरी खिशात ठेवायला लागले, बेड नंबर, आजार, कुठली नळी आहे, काय राहिलंय, एवढंच लिहायचं, आणि मग ओव्हर कळायला लागला. मामा आणि मावशींशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांशी, पहिल्या दिवसापासून नीट बोला. लिनन (चादरी, अभ्रे) कुठे आहे, स्ट्रेचर कुठे आहे, कुठला पेशंट काल रात्री बेडवरून उतरत होता, हे सगळं त्यांना माहीत असतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. तिसरा दिवस, १२ जून. मला दहा पेशंटचे बीपी घ्यायला सांगितले. लॅबमध्ये आम्ही एकमेकींचे घेतले होते, शांत खोलीत, बारीक हातांवर. वॉर्डात पंख्यांची घरघर, कुणीतरी खोकतंय, नातेवाईक बोलतायत, बाहेर रिक्षांचे हॉर्न. पहिले तीन कसेबसे झाले. चौथ्या बाईंच्या हातावर कफ (मशीनचा पट्टा) बांधला, फुगवला, सोडला, मला काहीच ऐकू आलं नाही. परत केलं, काही नाही. तिसऱ्यांदा करायला गेले तर त्या म्हणाल्या, हात दुखतोय हो सिस्टर. मला एवढं अवघडल्यासारखं झालं की मी आदल्या दिवशीच्या चार्टवर पाहिलं, १३०/८० होतं, आणि तेच लिहून टाकलं. पाचव्यालाही तसंच केलं.

अकराच्या सुमारास इन्चार्ज सिस्टरांनी चार्ट पाहिला. त्यांनी मला त्या चौथ्या बेडजवळ बोलावलं आणि स्वतः बीपी घेतला. १७०/१००. त्या ओरडल्या नाहीत. मला बाजूला लिननच्या कपाटाजवळ नेलं आणि एवढंच म्हणाल्या, "तुला ऐकू आलं नाही तर ऐकू आलं नाही असं मला येऊन सांग, मी दहा वेळा घेऊन देईन. पण हा आकडा बघून डॉक्टर गोळी ठरवतात." मी तिथेच रडले. त्यांनी मला पाणी प्यायला पाठवलं आणि परत आल्यावर शिकवायला बसल्या.

ते जसंच्या तसं सांगते कारण पुस्तकात वाचून मला ते जमलं नव्हतं. माझ्या स्टेथोस्कोपचे इअरपीस उलटे होते, ते कानात घालताना पुढच्या बाजूला, नाकाच्या दिशेने वळलेले हवेत. कफ मी ब्लाउजच्या बाहीवरून बांधत होते, बाही वर सरकवायची आणि कफ कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधायचा. हात अधांतरी नको, उशीवर हृदयाच्या लेव्हलला. आधी मनगटाच्या नाडीवर बोटं ठेवून कफ फुगवायचा, नाडी लागायची बंद झाली तो आकडा लक्षात ठेवायचा, मग हवा सोडून थोडं थांबून त्या आकड्यापेक्षा ३० ने जास्त फुगवायचा आणि अगदी हळू सोडायचा, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर. मी सपकन सोडत होते, त्यात आवाज निघून जात होता. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत मी सोळा जणींचे बीपी घेतले आणि प्रत्येक वेळी सिस्टरांनी दुसऱ्या बाजूने तपासला. चौथ्या बेडवरच्या बाईंची मी माफी मागितली. त्यांना नीट कळलं नसावं कशाबद्दल, त्यांनी मला बिस्किट दिलं.

दुसऱ्या आठवड्यापासून मला तेरा नंबरच्या आजी दिल्या, केस स्टडीसाठी. शहापूरच्या बाजूच्या, पक्षाघात झालेला, उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत, खाणं राईल्स ट्यूबमधून. मला त्या 'बाय' म्हणायच्या, तेवढा शब्द मात्र स्पष्ट. सकाळी स्पंजिंग, मग बॅक केअर, मग फीड. फीडच्या आधी त्यांना टेकवून बसतं करायचं, सिरिंजने ओढून नळी पोटात आहे ना ते तपासायचं, मग हळूहळू सोडायचं, नंतर पाण्याने नळी धुवायची आणि लगेच आडवं करायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. त्यांच्या माकडहाडावर लाल डाग दिसायला लागला होता, बोटाने दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल होणारा. सिस्टर म्हणाल्या हा पांढरा व्हायचा थांबला की समज बेडसोरची सुरुवात झाली. मी भिंतीवर कागद चिकटवला, आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी, आणि दोनला मी गेल्यावर कुणी करायचं ते त्यांच्या सुनेला शिकवलं. ती आधी हात लावायला घाबरत होती. तिला मी तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं, चादरीची मदत घे, एकटीने ओढू नकोस, पाठीत भरेल तुझ्या. सहा-सात दिवसांनी तो डाग फिका पडला. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी शब्दात सांगू शकत नाही, घरी आईला तीनदा सांगितलं. मग एका सोमवारी गेले तर तेरा नंबरवर दुसरंच कुणी, आजींना रविवारी डिस्चार्ज दिलेला. केस स्टडीत माझे दोन दिवसांचे व्हायटल्स (ताप, नाडी, श्वास, बीपी) अर्धवट राहिले. रोजचं रोज लिहा, पेशंट आपल्या वहीसाठी थांबत नाही.

३ जुलैला वॉर्डात पहिला मृत्यू पाहिला. चाळिशीतल्या बाई, लिव्हरचा आजार, दोन दिवस बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी डिक्लेअर केल्यावर नवरा बाहेर फोन करत उभा होता आणि सिस्टरांनी मला विचारलं, येतेस का, नाही आलीस तरी चालेल. मी गेले. पडदे ओढले, सलाईन काढलं, कॅथेटर काढला, अंग पुसलं. सगळं करताना सिस्टर त्या बाईंशी बोलत होत्या, "ताई, जरा कुशीवर वळवते हं," "हात सरळ करते हं." मी चक्रावून पाहिलं तर त्या म्हणाल्या, सवय आहे, आणि काम चालू ठेवलं. केसात गुंता होता, त्यांनी कंगवा मागितला आणि वेणी घालून दिली, मग नवऱ्याला आत बोलावलं. गळ्यातलं आणि जोडवी काढून त्याच्या हातात दिली आणि रजिस्टरला त्याची सही घेतली, हे पण विसरायचं नाही. परत येताना ट्रेनमध्ये मला काही सुचत नव्हतं, ऐरोली कधी गेलं कळलं नाही. असं झालं तर त्या दिवशी कुणाशी तरी बोला, मैत्रिणीशी, मॅडमशी, कुणाशीही. मी दोन दिवस बोलले नाही आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

८ जुलैचा पाऊस आठवत असेलच, रात्रीतून मुंबई-ठाण्यात सगळीकडे पाणी आणि लोकलचा गोंधळ. मी बसने, मग गुडघाभर पाण्यातून चालत पोहोचले साडेनऊला. निम्मा स्टाफ पोहोचलेला नव्हता, रात्रीच्या सिस्टर तशाच थांबल्या होत्या. त्या दिवशी अख्ख्या वॉर्डाचा टीपीआर आम्ही दोघी स्टुडंटनी घेतला. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत तापाचे पेशंट वाढले, मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. हिस्ट्री घेताना पहिला प्रश्न, साचलेल्या पाण्यातून चाललात का, पायाला जखम होती का. लेप्टो उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि जखमेतून शरीरात जातो, हे परीक्षेसाठी पाठ केलेलं, पण तेव्हा मी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, टाचेला नवीन बुटांनी घासून फोड फुटलेला होता. लगेच डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी डॉक्सीसायक्लिन दिली. पावसात बॅगेत चप्पल आणि सुके मोजे ठेवा, आणि जखम असेल तर पाण्यात उतरायच्या आधी झाकून घ्या.

याच काळात सलाईनची ड्रिप मोजायला शिकले. ५०० मिली आठ तासांत, सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. पूर्ण मिनिट उभं राहायला वेळ नसतो, तर पंधरा सेकंदात पाच थेंब पडले की जवळपास बरोबर. पण आधी सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा वाचायचा, मायक्रो सेट असेल तर ६० थेंबांना एक मिली असतो आणि सगळं गणित बदलतं.

आणि मग १८ जुलै, गुरुवार. मेडिसिन वॉर्डचे शेवटचे तीन दिवस राहिले होते. सकाळच्या शुगर झाल्यावर मी ट्रे आवरत होते, किडनी ट्रेमधला कापूस पिवळ्या पिशवीत टाकायला मुठीत उचलला आणि मधल्या बोटाला टोचलं. कापसाखाली वापरलेली लॅन्सेट, म्हणजे शुगरसाठी बोट टोचायची सुई होती. ग्लोव्ह काढला तर रक्ताचा थेंब. घड्याळात पाहिलं, ९.५०.

मी गप्प बसले. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. कुणी ठेवली ते माहीत नाही, पण मला वाटलं मलाच बोलतील, न बघता उचललंस कशाला. बोट धुतलं, कापूस लावला आणि काम करत राहिले, आणि डोक्यात सारखं तेच. त्या ट्रेने तीन पेशंटची शुगर झाली होती. पाऊण तासाने मला ते लिननचं कपाट दिसलं आणि मी जाऊन इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, तेव्हा १०.३५ झाले होते.

पुढचं सगळं फटाफट झालं. वाहत्या पाण्याखाली साबणाने परत धुवायला लावलं, दाबून रक्त काढू नको म्हणाल्या, स्पिरिट चोळू नको म्हणाल्या. रजिस्टरला नोंद, तारीख, वेळ, कशाने, कुठल्या बोटाला, ग्लोव्ह होता का. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी समजावलं की एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायचं औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू झालेलं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग होत नाही, आणि लागलं तर २८ दिवस घ्यायचं. पेशंटच्या रिपोर्टसाठी न थांबता ११.२० ला पहिला डोस दिला. मग आयसीटीसीत (हॉस्पिटलमधलं एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र) समुपदेशन, माझं रक्त, त्या तिन्ही पेशंटना नीट सांगून, त्यांची संमती घेऊन त्यांचं रक्त. तिघीही लगेच तयार झाल्या, त्यातल्या एक बाई उलट मलाच धीर देत होत्या. हेपॅटायटिस बी चे माझे दोनच डोस झालेले म्हणून अँटीबॉडीची पण टेस्ट केली, म्हणून वर म्हटलं की डोस आधीच पूर्ण करा. चारनंतर रिपोर्ट आले, तिघींचे एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी सगळं निगेटिव्ह, औषध थांबवलं. माझ्या अँटीबॉडी दहाच्या वर होत्या म्हणजे संरक्षण होतं. तरी मला सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलं.

कुणी मला एक शब्द बोललं नाही. मॅडमनी सगळ्या बॅचला बोलावून परत समजावलं, टोकदार काहीही असो, वापरलं की तिथल्या तिथे पांढऱ्या डब्यात, ट्रेमध्ये ठेवायचंच नाही. पिवळ्यात रक्त लागलेला कापूस-ड्रेसिंग, लालमध्ये आयव्ही सेट, कॅथेटर, बिनसुईच्या सिरिंज असं प्लास्टिक, निळ्यात काचेच्या बाटल्या. दुसऱ्या दिवसापासून शुगरच्या ट्रॉलीवरच पांढरा डबा आला. तुम्ही कुठल्याही वॉर्डात जाल तेव्हा ट्रॉलीवर तो आहे का बघा, नसेल तर मागा. आणि ट्रेमधलं काही मुठीने उचलू नका, चिमट्याने उचला.

सर्जरी वॉर्डचे चार आठवडे यामानाने भराभर गेले. ड्रेसिंगची ट्रॉली लावणं, ऑपरेशनच्या आधीची तयारी, उपाशी ठेवलंय का ते विचारणं, संमतीपत्र आहे का बघणं. इथे मला काही आलं नाही की मी लगेच म्हणायला लागले, सिस्टर मी हे फक्त पुतळ्यावर केलंय, एकदा दाखवाल का. एक-दोघी वैतागल्या, खरं सांगते, पण बाकीच्यांनी दाखवलं. ५ ऑगस्टला ड्युटीनंतर तिसरा डोस घेतला. शेवटचे दोन आठवडे ओपीडी आणि इंजेक्शन रूम, तिथे इन्सुलिनची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बाटली ४० ची (एका मिलीत ४० युनिट) असेल तर सिरिंज पण ४० ची, लाल टोपणाची. १०० ची सिरिंज उचलली तर डोस चुकतो.

लॉगबुकच्या, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीतल्या, सह्या हा वेगळाच त्रास. मी सर्जरीच्या सह्या शेवटी एकदम घेऊ म्हटलं आणि त्या सिस्टरांची ड्युटी बदलून त्या नाईटला गेल्या, मग तीन संध्याकाळी आठ वाजता परत ठाण्याला गेले नुसत्या सह्यांसाठी. दर शनिवारी घेत जा. आणि सुट्टी घेताना विचार करा, प्रॅक्टिकलची हजेरी शेवटी शंभर टक्के भरून द्यावीच लागते, चुकलेली प्रत्येक ड्युटी नंतर करावी लागते. माझ्या तापाच्या दोन सुट्ट्या झाल्या होत्या त्या मी सप्टेंबरमध्ये भरून काढल्या, त्याच मेडिसिन वॉर्डात.

३१ ऑगस्टला क्लिनिकल संपलं होतं, पण माझ्यासाठी ते १८ ऑक्टोबरला संपलं, तीन महिन्यांच्या रिपोर्टला. सहा आठवड्यांचा निगेटिव्ह होता तरी सकाळपासून हात गार पडले होते. आयसीटीसीच्या ताईंनी आत बसवलं, कागद माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवून दाखवलं, निगेटिव्ह. मी तिथून निघून वॉर्डात गेले, इन्चार्ज सिस्टर राऊंडला होत्या म्हणून लिननच्या कपाटाजवळ थांबले. तिथे पहिल्या वर्षाची एक नवीन मुलगी स्टेथोस्कोप गळ्यात घालून उभी होती, डोळ्यात पाणी. मी तिला विचारलं, कुठल्या बेडचा ऐकू येत नाहीये, चल, दोघी मिळून घेऊ.